ड्रमाच्या उंचीचं बेसिन

परवा नातीनं फोनवर पंधरा फोटो पाठवले. तिनं पुण्यात फ्लॅट घेतलाय आणि बाथरूमसाठी व्हॅनिटी निवडायची आहे. व्हॅनिटी म्हणजे हात-तोंड धुवायचं बेसिन, त्याच्याखाली कपाट, वर आरसा, असं सगळं एकाच जोडकामात. खाली लिहिलं होतं, "आजी, तू आयुष्यात दोन दोन व्हॅनिट्या निवडल्यास. आपल्या घरात तुझ्याएवढा अनुभव कुणाला नाही. सांग, यातली कुठली?"

पोरगी टोमणाही मारते आणि वर सल्लाही मागते. माझ्यावर गेलीय.

मी चष्मा पुसून सगळे फोटो बघितले. एक पांढरी होती, एक शेवाळी, एकीला सोनेरी तोट्या. मग फोन लावून एवढंच विचारलं, "खुर्चीत बसून हात पोचतो का गं नळापर्यंत?"

"बसून कोण तोंड धुतं, आजी? काहीतरीच तुझं."

मी विषय बदलला. तिला अर्धीच गोष्ट माहीत आहे. उरलेली अर्धी फोनवर सांगण्यासारखी नाही, आणि नव्या घरात पाऊल टाकणाऱ्या मुलीला तर नाहीच. तिथं सांगितली नाही ती इथं लिहिते.

पहिली व्हॅनिटी निवडली तेव्हा मी साठ वर्षांची होते. आता बहात्तरी गाठल्यावर ती साठीची बाई मला अगदी पोर वाटते. नटवी, हट्टी, आणि आपल्याला सगळं कळतं अशी ठाम समजूत असलेली पोर. तिच्याबद्दल मी थोडं वाईट बोलणार आहे. तिचा कैवार घ्यायला आता कुणी उरलेलं नाही, हे बरंच आहे.

झालं असं, की बिडकीनच्या माझ्या चुलत बहिणीची जमीन कंपन्यांसाठी गेली आणि तिनं बंगला बांधला. वास्तूला गेलो तर तिनं मला स्वयंपाकघर दाखवलं नाही, बैठक दाखवली नाही, हाताला धरून थेट बाथरूममध्ये नेलं. काळा ग्रॅनाइट, त्यावर परातीसारखं ठेवलेलं पांढरं भांडं, खाली दोन दारांचं कपाट. बहिणीनं दारं उघडली. आत शाम्पूच्या तीन बाटल्या होत्या.

"एवढ्या मोठ्या कपाटात एवढंच?" मी म्हटलं.

"व्हॅनिटी म्हणत्यात हिला," ती म्हणाली. "तिच्यात ठिवायचं काय नसतंय. ती नुसती असती."

तिच्या त्या वाक्यानं माझ्या पोटात दुखायला लागलं ते पुंडलिकनगरच्या आमच्या घरी येईपर्यंत दुखत होतं. आमच्या बाथरूममध्ये एक निळा ड्रम होता, माझ्या कमरेच्या बराच वर येणारा. आमच्या गल्लीत नळाला पाणी आठवड्यानं यायचं, कधी आठव्या दिवशी, कधी दहाव्या. ड्रमाशिवाय घर चालत नाही, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पण त्या दिवशी मला तो ड्रम बघवेना. आणि मग त्या साठीच्या पोरीला एक कल्पना सुचली. बहिणीच्या कपाटात ठेवायला काही नव्हतं ना? आपल्याकडं होतं. ड्रमच कपाटात घालायचा! वर ग्रॅनाइट, ग्रॅनाइटवर भांडं, समोर दोन दारं. पाहुण्यांना व्हॅनिटी दिसेल आणि आतमध्ये दोनशे लिटर पाणी उभं राहील.

मिस्त्री आमच्या ओळखीचा, म्हातारा, दखनी बोलणारा. त्यानं ड्रमाची उंची मोजली, वर चार बोटं सोडली, त्यावर ग्रॅनाइट, त्यावर भांड्याची कड, आणि टेप हवेत धरून माझ्याकडं बघितलं. कड माझ्या खांद्याला लागत होती.

"बाई, ये बेसिन है, के टिकट की खिडकी?"

"तुम्ही करा हो. मी पाटावर उभी राहीन."

आणि खरंच पाटावर उभी राहिले. नऊ वर्षं मी सकाळी पाटावर चढून तोंड धुतलं. ड्रमाचं झाकण ग्रॅनाइटखाली गेल्यामुळं वरून तांब्या बुडवता येईना, म्हणून भरायला वरच्या फटीतून नळी सोडली आणि काढायला ड्रमाला खाली तोटी बसवून घेतली. धुवायला ड्रम बाहेर काढायचा तर ग्रॅनाइट फोडावं लागणार, हे काम संपल्यावर लक्षात आलं. एकदा डासांच्या अळ्या तपासणारी आरोग्य सेविका आली. तिनं घरभर बॅटरी मारून बघितली, कुंड्या बघितल्या, कूलर बघितला, आणि "ड्रम वगैरे काही नाही ना?" म्हणून विचारलं. मी व्हॅनिटीला पाठ लावून उभी राहिले आणि "छे!" म्हटलं. ती वहीत सही करून गेली. मला इतका आनंद झाला, की मी बिडकीनला फोन लावून सांगितलं.

हे त्या व्हॅनिटीवर खूश होते. हे म्हणजे माझा नवरा. चांगले उंच, अंगानं वाळके, कालव्यावर पाण्याची पातळी मोजण्यात नोकरी गेलेली. "बरंय," म्हणाले, "मला वाकाया लागत नाय." पहिल्यांदाच कुठलं तरी बेसिन त्यांच्या मापाचं निघालं होतं. मिस्त्रीनं आरसाही त्यांच्या तोंडासमोर टांगला. मला त्यात माझं कपाळ आणि भांग तेवढा दिसायचा. मी म्हणायचे, पुरे आहे, कुंकवाचं वय गेलं.

इथं ह्यांच्या दाढीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

ह्यांचं गाव गंगापूर तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. गावचा न्हावी आमच्या वस्तीतल्या माणसांच्या तोंडाला हात लावत नसे. धर्म बदलला, घराघरात बुद्धाची तसबीर आली, तरी न्हाव्याची धोपटी वस्तीकडं वळली नाही. ह्यांच्या वडलांनी बाजारातून एक वस्तरा आणला होता. बाभळीच्या बेचक्यात फुटका आरसा अडकवायचा आणि नदीच्या पाण्यानं स्वतःची दाढी स्वतः करायची. सोळाव्या वर्षी त्यांनी तो वस्तरा ह्यांच्या हातात दिला आणि सांगितलं, दुसऱ्याच्या वस्तऱ्यापुढं कधी मान द्यायची नाही, उद्या तो बोलवायला आला तरी नाही.

हे शहरात आले. इथं कुणी जात विचारून खुर्ची देत नव्हतं. केस कापायला हे दुकानात जायचे, पण दाढीचं नाव निघालं की गळ्याभोवतीचं कापड काढून उठायचे. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे माहीत नव्हतं. मी शहरातली, माहेर इथंच. नवी नवरी होते आणि जीभ लांब होती. एकदा घाईच्या सकाळी मी म्हणाले, "एवढा वेळ लावता, कोपऱ्यावर जाऊन करून का येत नाही? राजासारखं बसायचं." ह्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं आणि उरलेला गाल पुरा केला. गोष्ट मला दोन वर्षांनी सासूनं सांगितली. तेव्हा मी आठ दिवस त्यांच्यासाठी पाणी गरम करून ठेवत होते, आणि का ठेवते ते सांगत नव्हते. माफी मागायची माझी पद्धत पहिल्यापासून अशीच, आडून.

तर हे रोज सकाळी बनियनवर उभे राहून दाढी करायचे. सुट्टी नाही, आजारपण नाही. मुलाच्या लग्नात ताप होता तरी केली, वडील गेले त्या सकाळीही केली.

तीन वर्षांमागं, मार्चमध्ये, ह्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, तोंडाचा उजवा कोपरा खाली आला. पंधरा दिवसांनी दवाखान्यातून घरी आणले ते चाकाच्या खुर्चीतून. दाढी वाढलेली होती, पांढरी, विरळ. ओळखू येत नव्हते.

मुलानं दुसऱ्याच दिवशी सलूनवाला घरी बोलावला. सज्जन माणूस होता, चपला बाहेर काढून आला. त्यानं पेटी उघडली तसं ह्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

"बाबा, पाच मिनिटांचं काम आहे," मुलगा म्हणाला.

"नको."

"अहो, असं कसं राहणार तुम्ही?"

"नको म्हन्लो ना." शब्द ओले येत होते, पण कळत होते. "डावा हाये. डाव्यानं करीन."

मुलाला आजोबांची गोष्ट माहीत होती. त्यानं सलूनवाल्याला चहा पाजून परत पाठवलं.

मग सुनेनं खाटेवर सोय केली. ताट, गरम पाण्याचा गडवा, उशीला टेकवलेला आरसा. ह्यांनी डाव्या हातात रेझर धरला, तीन हात मारले आणि आरसा घसरून ताटात पडला. पाणी चादरीवर. ह्यांनी रेझर खाली ठेवला.

"खाटंवर नाय," म्हणाले. "खाटंवर बाळांना धुत्यात."

खुर्ची बाथरूममध्ये नेली. आणि तिथं मला पहिल्यांदा माझी व्हॅनिटी खुर्चीच्या उंचीवरून दिसली. ह्यांचे गुडघे कपाटाच्या दारांना थडकले. बेसिनची कड त्यांच्या डोळ्यांसमोर. आरशात ह्यांचं काहीच दिसत नव्हतं, मागच्या भिंतीवरचा टॉवेल दिसत होता. ह्यांनी डावा हात वर केला, तो ग्रॅनाइटच्या कडेपर्यंत पोचला आणि तिथंच लोंबला.

"खाली घे," हे म्हणाले.

"काय?"

"हे. खाली घे."

ही त्यांची एवढीच मागणी होती. मरायच्या आधी कुठं दर्शनाला न्या म्हणाले नाहीत, गावाकडं न्या म्हणाले नाहीत. खुर्चीत बसून तोंड दिसेल आणि हात पोचेल एवढं ते बेसिन खाली हवं होतं, म्हणजे स्वतःची दाढी स्वतः करता येईल.

त्याच आठवड्यात मी मिस्त्रीला बोलावलं. तो आणखी म्हातारा झाला होता. त्यानं ह्यांच्या खुर्चीची उंची मोजली, गुडघ्यांची मोजली, आणि म्हणाला, "बाई, सीधा बात करूँ? ये सब निकाल देता. सादा बेसिन भिंतीला ठोकतो, नीचे मोकळं, ऊपर आरसा. शाम तक हो जाता."

"साधं म्हणजे कसलं?"

"सादा. पांढरा. जैसा सब के यहाँ रहता."

"सरकारी दवाखान्यात असतं तसलं?"

"हाँ, वैसाच समझो."

आता त्या बाईकडं बघा. साठीची पोर तोवर एकोणसत्तर वर्षांची झालेली, पण अक्कल होती तिथंच. नवरा आतल्या खोलीत वाढल्या दाढीनं पडलाय, आणि हिच्या मनात काय, तर पाहुणे बघायला येतात, नातेवाईक येतात, बिडकीनची येते, आणि बाथरूममध्ये दवाखान्यातलं बेसिन! शिवाय ड्रम उघडा पडणार. मी मिस्त्रीला म्हणाले, "थांबा. करायचंच आहे तर नीट करू. खाली मोकळी असलेलीही व्हॅनिटी मिळत असेल की."

"मिलती," मिस्त्री म्हणाला. "वक्त लगता."

मी म्हटलं, लागू दे.

वेळ काढायला मला फार कारणं लागली नाहीत. आधी ऊन फार होतं. मग पाण्याचा दिवस पुढं गेला, आणि ड्रम रिकामा झाल्याशिवाय फोडाफोड करता येत नव्हती. ड्रम रिकामा झाला तर पाणी आलं आणि तो भरून घ्यावा लागला. मग टाइल्सना मॅच होणारं हवं होतं. मी आणि सून जालना रोडवरच्या तीन दुकानांत जाऊन आलो. तिसऱ्या दुकानातल्या मुलीनं मला खुर्चीवर बसवलं, थंड पाणी दिलं आणि एका आरशाला बोट लावलं. आरशाच्या कडेनं उजेड पडला.

"टच आहे, काकू. तुम्ही बोट लावून बघा."

मी बोट लावलं. उजेड गेला. पुन्हा लावलं, आला. मी चार वेळा लावलं. घरी माझा माणूस वाट बघत होता आणि मी तिथं बसून उजेड चालू-बंद करत होते. अजून ते बोट मला दिसतं.

व्हॅनिटी तशी योग्य निवडली, हे सांगायला हवं. भिंतीला टांगलेली, मध्ये गुडघ्यांना मोकळी जागा, दोन्ही बाजूंना खण. फक्त मला हवा असलेला अक्रोडी रंग दुकानात नव्हता. मुलगी म्हणाली, मागवावा लागेल, पंधरा दिवस. त्याचे सहा आठवडे झाले.

या सगळ्या काळात हे सराव करत होते. मला ते उशिरा कळलं. एक दिवस दुपारी औषध द्यायला गेले तर डाव्या हातात रेझर, आणि तो गालावरून हळूहळू खाली येत होता. मी किंचाळलेच. ह्यांनी रेझर उलटा करून दाखवला. आत ब्लेड नव्हतं.

"काय करताय हे?"

"हात बसवतोय. ह्यो गडी अडानी हाये." गडी म्हणजे डावा हात. "शिकवाया लागतंय."

सून म्हणाली, रोज करतात, आई. सकाळी आणि दुपारी. कोरड्या गालावर, आरशाशिवाय. आधी रेझर हातातून सुटायचा, आता सुटत नाही. नाकाखाली वळवायला जमत नव्हतं, तेही जमायला लागलंय. तेव्हापासून ह्यांनी रेझर सदऱ्याच्या खिशात ठेवायला सुरुवात केली, पेनासारखा.

जुलैमध्ये टेम्पो आला. खोकं बोळात उतरवलं. मिस्त्री आलेला होता, मुलगा रजा घेऊन घरी होता, आणि ह्यांनी खुर्ची बोळाच्या तोंडाशी आणवली होती. खिशात रेझर होता. पुठ्ठा फाडला. मी बघितलं आणि माझं तोंड उतरलं. रंग अक्रोडी नव्हता. राख कालवल्यासारखा, फिक्का, करडा.

"हा नाही," मी म्हणाले. "चुकीचा पाठवलाय. परत न्या."

टेम्पोवाला म्हणाला, "मावशी, लाकूड लाकडासारखंच दिसतंय की."

"बाई, लगा देता हूँ," मिस्त्री म्हणाला. "दोपहर तक हो जाता. रंग का क्या है?"

मुलगा म्हणाला, "आई, राहू दे ना. बाबांचं काम तर होतंय."

"अरे, आयुष्यभर डोळ्यासमोर राहणार आहे ती. दुकानवाल्यांची चूक, आपण का सोसायची? पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे. एवढे दिवस थांबलो, अजून पंधरा दिवस."

तेव्हा हे बोलले. त्यांना वेळ लागला, आम्ही सगळे थांबलो.

"अगं, मला दाढी करायचीय. लगीन नाय."

सगळे हसले. टेम्पोवाला तर खोक्यावर हात आपटून हसला. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. हसता हसता मी टेम्पोवाल्याला खूण केली, आणि त्यानं खोकं पुन्हा उचललं. ह्यांनी खोकं टेम्पोत चढेपर्यंत बघितलं. मग मुलाला म्हणाले, "आत घे."

माझ्या हातून आयुष्यात चुका पुष्कळ झाल्या. पोरांना मारलं, सासूला उलट बोलले, एका सख्ख्या भावाशी अबोला धरला तो धरलाच. पण त्या सगळ्या वेळी मला काहीतरी दुखत तरी होतं. त्या दिवशी बोळात मला काहीही दुखत नव्हतं. मी मजेत होते. मला रंगाबद्दल बरोबर असण्याचा आनंद झाला होता.

त्यानंतर अकराव्या दिवशी, सकाळी साडेआठला, हे खाटेवर बसून सराव करत होते आणि मी शेजारी मेथी निवडत होते. रेझर त्यांच्या हातातून पडला. मी उचलून दिला. पुन्हा पडला. "अहो, नीट धरा की," मी म्हटलं, आणि वर बघितलं तर ह्यांची नजर दुसरीकडंच होती.

दुसरा झटका. या वेळी डावी बाजू.

ह्यांना दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा दुकानातल्या मुलीचा फोन आला. काकू, तुमचा अक्रोडी रंग आलाय, कधी पाठवू? मी दवाखान्याच्या जिन्यात उभी होते. नको म्हणायला हवं होतं की पाठव म्हणायला, ते मला कळेना. मी पाठव म्हणाले.

जुनी फोडली तेव्हा नऊ वर्षांनी तो ड्रम बाहेर आला. तळाला चार बोटं काळा गाळ होता. नऊ वर्षं त्याच्यावरचं पाणी आम्ही तोंडाला लावत होतो. धुऊन तो बोळात उभा केला, दारातून आत येणाऱ्याला पहिला तोच दिसायचा. नंतर माणसं भेटायला आली, बिडकीनची आली. ड्रमाकडं कुणी बघितलं नाही. सगळ्यांच्या घरी ड्रम आहे.

हे घरी आले. डावा हात छातीपर्यंत उठायचा, पण बोटं मिटत नव्हती. शब्दही दोन-तीनच निघायचे, थांबून थांबून. डॉक्टरनं मुलाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं आणि मुलानं मला जे सांगायचं ते सांगितलं नाही. मला कळलंच. ह्यांनाही कळलं असणार.

पुढं चार महिने, एक दिवसाआड, मी ह्यांची दाढी केली. शेवटच्या दिवशीही केली. पण मला सांगायचं आहे ते पहिल्या दिवसाचं.

मुलानं खुर्ची बाथरूममध्ये नेली. ह्यांचे गुडघे अलगद आत गेले. कुठं काही अडलं नाही, माप अगदी बरोबर होतं. मी आरशाला बोट लावलं, उजेड पडला, आणि ह्यांना मार्चनंतर पहिल्यांदा स्वतःचं तोंड दिसलं. पांढरी दाढी गळ्यापर्यंत आलेली. ते बघत राहिले. मग नजर आरशावरून खाली आली, बेसिनवर, खणांवर, माझ्या अक्रोडी लाकडावर.

"रंग," ते म्हणाले. मग दम घेतला. "चांगलाय."

मुलाला वाटलं ते खरंच म्हणतायत. तो म्हणाला, "हो ना बाबा?" आणि बाहेर गेला. मला पन्नास वर्षांचा अनुभव होता. मी खाली बघितलं.

रेझरला नवीन ब्लेड लावून मी तो त्यांच्या डाव्या हातात दिला. बोटं मिटवून धरली. मी हात काढला की रेझर बेसिनमध्ये पडायचा. तीनदा पडला. चौथ्यांदा मी उचलला आणि माझ्याच हातात ठेवला. ह्यांनी हात मांडीवर घेतला, म्हणजे हातानं जागा सोडली आणि तो तिथं पडला.

"मी करू?" मी विचारलं.

ह्यांनी नळाच्या धारेकडं बघितलं.

मी काय विचारत होते ते मला माहीत होतं. म्हणून पुन्हा विचारलं नाही आणि पुढंही झाले नाही. रेझर हातात घेऊन उभी राहिले. नळ चालू राहिला होता, तो बंद केला. माझ्या तोंडात एक शब्द आला होता, जो मी लग्नापासून कधी ह्यांच्यासमोर काढला नव्हता. आडून नाही, सरळ. "चुकले मी," म्हटलं. "रंगाचं."

ह्यांनी आरशातून माझ्याकडं बघितलं. रागानं नाही आणि मायेनंही नाही. एखादा माणूस काम करू शकेल की नाही हे बघतात, तसं. मग त्यांनी डोळे आरशावरच ठेवले आणि डावा गाल आतून फुगवला. वस्तरा नीट फिरावा म्हणून पुरुष फुगवतात तसा.

गाल फुगला, पण तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून हवा निघून गेली. त्यांनी पुन्हा फुगवला. पुन्हा गेली. मी रेझर उजव्या हातात घेतला आणि डाव्या अंगठ्यानं त्यांच्या ओठाचा तो लोंबता कोपरा दाबून धरला. तिसऱ्यांदा गाल फुगला आणि टिकला.

मी साबण लावला. मला येत नव्हतं. कानापासून खाली पहिला हात मारला. केस लांब होते, ब्लेड अडकायचं, दर हाताला धुवावं लागायचं. दोन ठिकाणी कापलं. एकदा ह्यांनी डोळे मिटले, पण तोंड हलवलं नाही. श्वास संपला की ते गाल सोडायचे, मी अंगठा काढायचे, ते श्वास घ्यायचे, पुन्हा फुगवायचे. असं किती वेळ चाललं कोण जाणे. बाहेरून सुनेनं दोनदा विचारलं, झालं का?

"झालं," मी म्हणाले, आणि टॉवेल घेतला.

ह्यांनी मान हलवली. तोंड आरशात डावीकडं वळवलं, जेवढं वळत होतं तेवढं, आणि तिरप्या नजरेनं बघितलं.

"कानाखाली," ते म्हणाले.

"काय?"

"राह्यलं."

मी वाकून बघितलं. खरंच राहिलं होतं. मी टॉवेल पुन्हा खिळ्याला लावला आणि साबणाचा ब्रश ओला केला.